उपासनेची कसोटी शेजाऱ्याच्या दारी

मराठी कॅथलिक समाजात रविवारच्या सामूहिक उपासनेला 'मिस्सा' म्हणतात. पोर्तुगीजांच्या काळात इकडे रुळलेला हा शब्द मूळचा लॅटिन आहे आणि त्याचा उगम उपासनेच्या आरंभात नसून अखेरीस आहे. विधी आटोपल्यावर धर्मगुरू जमलेल्या भाविकांना निरोप देत. त्या निरोपाच्या वाक्यातील 'मिस्सा' हा शब्द पाठवणीचा वाचक होता. पुढे तेच संपूर्ण उपासनेचे नाव झाले. सर्वांत पवित्र मानल्या गेलेल्या विधीला त्याच्या शेवटच्या शब्दावरून नाव मिळावे, हा भाषेतील योगायोग असेलही. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म उलगडायला तो फार उपयोगी पडतो. भाविकाने एकत्र जमायचे ते पुन्हा जगात पाठवले जाण्यासाठी, हा त्याचा अर्थ.

ख्रिस्ती धर्माविषयी बाहेरून पाहणाऱ्याला सहसा तीन गोष्टी दिसतात. चर्चमधील प्रार्थना व गीते, क्रुसावरील ख्रिस्ताच्या बलिदानाचे स्मरण आणि शाळा-रुग्णालयांतून चालणारी सेवा. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत मांडण्याची सवय अनेकांना असते. प्रार्थना धर्मगुरूची, बलिदान ख्रिस्ताचे आणि सेवा संस्थांची, अशी ती वाटणी. मूळ शिकवणीत मात्र अशी वाटणी नाही. उपासना, त्याग आणि प्रीती ही एकाच जीवनाची तीन नावे आहेत आणि त्यांतील एक गळाले की उरलेली दोन पोकळ होतात, असा या शिकवणीचा आग्रह आहे. तो कोठून आला आणि महाराष्ट्राच्या मातीत तो कसा उमटला, हे पाहण्यासारखे आहे.

अर्पण वेदीपाशीच ठेव

या आग्रहाची मुळे येशूपूर्वीच्या यहुदी संदेष्ट्यांपर्यंत जातात. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस नावाचा एक मेंढपाळ यहूदा प्रांतातून उत्तरेकडील बेथेल या तीर्थक्षेत्री गेला आणि तेथील वैभवशाली सण-समारंभांवर त्याने कोरडे ओढले. जोड्याच्या किमतीत गरिबाची विक्री करणाऱ्यांची गाणी आणि होमबली देवाला नकोसे झाले आहेत, त्याला देशात न्याय वाहता हवा आहे, असे त्याने बजावले. त्याच शतकातील होशेयाने यज्ञापेक्षा दया श्रेष्ठ ठरवली. यशयाच्या ग्रंथात उपवासाची व्याख्याच बदललेली दिसते. मान खाली घालून गोणपाटावर बसणे म्हणजे उपवास नव्हे. जुलमाची बंधने तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे आणि निराश्रिताला घरात घेणे हा देवाला मान्य असलेला उपवास, असे तेथे सांगितले आहे.

येशूने हाच धागा पुढे नेला. मत्तयाच्या शुभवर्तमानात होशेयाच्या त्या वचनाचा दाखला तो दोन वेळा देतो. डोंगरावरील प्रवचनात तर त्याने एक अतिशय व्यवहारी सूचना केली. वेदीवर अर्पण वाहायला गेलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे याची आठवण झाली, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा आणि मग परत येऊन ते वाहावे. जेरुसलेमच्या मंदिरात अर्पण आणण्यासाठी गालीलच्या शेतकऱ्याला काही दिवसांची पायपीट करावी लागे. अशा श्रोत्यांना ही सूचना किती अडचणीची वाटली असेल, याची कल्पना करता येते. समेटासाठी पुन्हा घर गाठायचे, म्हणजे सारी यात्रा दुसऱ्यांदा करायची.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. लुटारूंनी मारहाण करून टाकलेल्या वाटसरूच्या बाजूने आधी एक याजक जातो, मग एक लेवी जातो. मदतीला थांबतो तो शोमरोनी. कथेतील पात्रांची ही निवड हेतुपूर्वक आहे. याजक आणि लेवी हे दोघेही मंदिरातील उपासनेचे अधिकृत सेवक होते. शोमरोनी लोकांशी यहुद्यांचे वैर होते आणि त्या वैराचे एक मोठे कारण उपासनेचे स्थान हेच होते. देवाची भक्ती जेरुसलेमात करायची की गरिज्जीम डोंगरावर, हा तो वाद. म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने जो 'चुकीच्या' डोंगरावर उपासना करत होता, तोच येशूच्या कथेत शेजारधर्म पाळणारा ठरला. कथेच्या निमित्ताने विचारलेला प्रश्न 'माझा शेजारी कोण' असा होता. येशूने तो उलटवून, जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, असे विचारले.

बलिदानाचा बदललेला अर्थ

प्राचीन जगात बलिदान म्हणजे वेदीवर दिलेला पशू, धान्य किंवा द्राक्षारस. यहुदी धर्मातही मंदिरातील बलिदाने नेमाने होत. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि ती परंपरा थांबली. तोवर येशूच्या अनुयायांमध्ये बलिदानाचा नवा अर्थ रुजू लागला होता. ख्रिस्ताने क्रुसावर स्वतःला दिले, ते बलिदान एकदाच आणि सर्वांसाठी झाले. आता देवाला प्रसन्न करण्यासाठी रक्त सांडण्याची गरज उरली नाही, अशी ही श्रद्धा होती.

मग भाविकाने द्यायचे तरी काय? प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर दिले. वेदीवरचा पशू मरतो. भाविकाने जिवंतपणी स्वतःचे शरीर देवाला वाहावे, तीच खरी उपासना. 'शरीर' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अर्पण केवळ भावनेचे नव्हे. हातापायांचे, वेळेचे आणि श्रमांचे आहे. याच अध्यायात पुढे पौल पाहुणचार करायला, रडणाऱ्यांबरोबर रडायला आणि भुकेल्या शत्रूलाही जेवू घालायला सांगतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात लागोपाठच्या दोन वाक्यांत हा विचार येतो. आधी ओठांनी केलेल्या देवाच्या स्तुतीला यज्ञ म्हटले आहे आणि लगेच परोपकाराला व आपल्याजवळचे वाटून देण्यालाही तेच नाव दिले आहे.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने भाकर मोडून शिष्यांना दिली आणि आपल्या स्मरणार्थ हे करत राहा, असे सांगितले. मिस्सा किंवा प्रभुभोजन या विधीचा आधार हा प्रसंग आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनी तो वर्णिला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र त्या रात्रीच्या वर्णनात भाकरीचा तो प्रसंग नाही. त्या जागी येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. हे काम त्या काळी घरातील दास करत असे. दोन्ही प्रसंग एकाच रात्रीचे आहेत आणि एकमेकांचे स्पष्टीकरण करतात. पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये आजही धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये निवड झाल्यावर काही दिवसांतच हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या कारागृहात केला. त्यांनी ज्यांचे पाय धुतले त्यांत मुली आणि मुस्लिम तरुणही होते. २०१६ मध्ये या विधीत स्त्रियांना सहभागी करून घेण्याची अधिकृत मुभा देण्यात आली.

विधी आणि वागणूक यांची फारकत झाली तर काय होते, याचे पहिले उदाहरणही बायबलमध्येच आहे. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनासाठी लोक एकत्र जमत. पण श्रीमंत आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. तुमचे हे भोजन प्रभूचे भोजनच नव्हे, असा त्याचा निवाडा होता. विधीत कोठेही चूक झाली नव्हती, चूक पंगतीत झाली होती.

वर्गणी, साथ आणि सम्राटाची तक्रार

दुसऱ्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या तत्त्वज्ञाने इसवी सन १५० च्या सुमारास ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस हा क्रम त्यात आजच्यासारखाच आढळतो. त्याच वर्णनात, जणू विधीचाच भाग म्हणून, वर्गणीचा उल्लेख येतो. ज्याला शक्य आहे त्याने स्वेच्छेने काही द्यावे आणि जमलेल्या रकमेतून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे वाटसरू यांची काळजी घेतली जावी. जे उपासनेला येऊ शकले नाहीत, त्यांच्या घरी भाकर पोहोचवली जाई.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात भयंकर साथ पसरली. कार्थेज शहरात लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकून पळू लागले. तेथील बिशप सिप्रियन यांनी आपल्या लोकांना शुश्रूषेसाठी उभे केले; आणि केवळ स्वधर्मीयांची नव्हे, तर छळ करणाऱ्यांचीही सेवा करा, असा आग्रह धरला. ख्रिस्ती लोकांवर त्या काळी राजसत्तेचा रोष होता. स्वतः सिप्रियन यांचा २५८ मध्ये शिरच्छेद झाला.

या सेवेची सर्वांत बोलकी पावती एका विरोधकाने दिली. सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या रोमन देवतांच्या उपासनेकडे परतला होता. ३६२ मध्ये एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्याने खंत व्यक्त केली, की हे 'गालीलकर' आपल्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. त्यानंतर काही वर्षांतच आजच्या तुर्कस्तानातील कैसरिया येथे दुष्काळ पडला. तेथील बिशप बेसिल यांनी शहराबाहेर रुग्ण, कुष्ठरोगी आणि प्रवासी यांच्यासाठी निवारा उभारला. रुग्णालय या संस्थेच्या इतिहासात त्याचा उल्लेख आवर्जून होतो. त्याच शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्टम हे प्रभावी वक्ते आपल्या प्रवचनांत श्रीमंत भाविकांना खडसावत, की वेदीवर सोन्याची पात्रे चढवताना दारात उपाशी बसलेल्या ख्रिस्ताला विसरू नका. भुकेल्याला दिले ते मला दिले, या येशूच्या शिकवणीचा तो रोखठोक विस्तार होता.

केडगावची अग्निपरीक्षा

ही शिकवण महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या जीवनात जेवढ्या प्रखरपणे उतरली, तेवढी क्वचितच अन्यत्र दिसते. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा करत भटकणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले आणि रमाबाईंनी आईवडील व बहीण गमावली. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या, 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत होत्या. या स्त्रियांची काळजी तुम्ही का घेता, असा प्रश्न रमाबाईंनी त्यांना विचारला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील एक कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या एका शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो. ती परक्या जमातीची, त्यातून तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाणारी. उपासना कोणत्या डोंगरावर करायची, हा जुना वाद ती त्याच्यापुढे मांडते. खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करतील, स्थानाचा प्रश्न उरणार नाही, असे तो तिला सांगतो. रमाबाईंवर या कथेचा खोल परिणाम झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉण्टेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. दीनांच्या सेवेतून त्या श्रद्धेपर्यंत पोहोचल्या, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मायदेशी परतल्यावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी 'शारदा सदन' काढले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळून निघाला, तेव्हा रमाबाईंना स्वतःचे भुकेचे दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, दलालांच्या तावडीत सापडण्याची भीती असलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगमुळे कडक निर्बंध होते. म्हणून पुणे-दौंड मार्गावरील केडगावच्या शेतजमिनीवर राहण्याची सोय करावी लागली. 'मुक्ती सदन' उभे राहिले ते असे. १९०० मधील दुष्काळात गुजरातकडून आणखी मुली आल्या आणि आश्रमातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

केडगावात दिवस प्रार्थनेने सुरू होई. पण त्यानंतर शेती, विणकाम, तेलघाणी, दुधाचा व्यवसाय आणि छापखाना ही सारी कामे स्त्रियाच करत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' हे वेगळे घर होते. पाण्यासाठी विहिरी खोदाव्या लागल्या. एवढ्या तोंडांना रोज अन्न घालणे, आजारपणे निस्तरणे आणि मृत्यू पाहणे हा त्यांच्या भक्तीचा व्यावहारिक अर्थ होता. फुलहॅममध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या केडगावात स्वतः देत होत्या.

आयुष्याची अखेरची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृतप्रचुरता जाणीवपूर्वक टाळली, हाही एक त्यागच म्हटला पाहिजे. ज्या विद्वत्तेने त्यांना कीर्ती दिली, ती त्यांनी केडगावच्या मुलींसाठी बाजूला ठेवली. छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनीच केले. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तल्या. त्या आघातानंतरही भाषांतर तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे.

प्रीतीला अट असते काय?

रमाबाईंच्या कार्याचा विचार १८९३ च्या वादाखेरीज पुरा होत नाही. शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. परंतु तेथील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीदार सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. माझ्या प्रार्थनेचे दार मी कोणासाठी बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती; आश्रित मुलीची संमती कितपत मोकळी असते, हा टीकाकारांचा प्रश्न होता.

हा प्रश्न रमाबाईंपुरता किंवा त्या काळापुरता मर्यादित नाही. ख्रिस्ती सेवाकार्यावर तो आजही विचारला जातो आणि केवळ विरोधकच नव्हे, ख्रिस्ती विचारवंतही तो विचारतात. भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागितली, तर ती भाकर दान राहत नाही, तिचा सौदा होतो. शोमरोनी माणसाच्या दृष्टांतात याचे उत्तर दडलेले आहे. तो जखमी वाटसरूला धर्म विचारत नाही. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उताराशाळेत नेतो, पैसे भरतो आणि निघून जातो. पुढे त्या वाटसरूने कोणत्या डोंगरावर उपासना केली, हे येशू सांगत नाही. कारण कथेला त्याच्याशी कर्तव्य नाही.

रमाबाईंनी स्वतःच्या सद्‌सद्‌विवेकाचे स्वातंत्र्य चर्चपुढेही सोडले नव्हते, याचीही नोंद घ्यायला हवी. इंग्लंडमधील धर्मगुरू आणि भगिनींशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. देवाची आज्ञा मानीन, परंतु माणसांनी घालून दिलेले प्रत्येक मत निमूट स्वीकारणार नाही, असा त्यांचा बाणा होता. आपल्यासाठी मागितलेले हे स्वातंत्र्य दुसऱ्यालाही देणे, हीच प्रीतीची खरी परीक्षा होय.

मराठी वाणीतील भक्ती

उपासना जीवनात उतरायची, तर ती आधी आपल्या भाषेत उतरावी लागते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. इंग्लंडहून आलेल्या या जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा पुराणाच्या घाटात सांगितली, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला तीच लय ओळखीची होती.

तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच कार्य निराळ्या रीतीने केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तुकारामांच्या वाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे ते मानत. त्यांच्या त्यागाचा अखेरचा टप्पा फारसा सांगितला जात नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा होती. मे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने ही कल्पना फुलण्यापूर्वीच खुंटली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मात्र या ओढाताणीचा संसार दिसतो. पती सहज देऊन टाकत असे. घर मागे लक्ष्मीबाईंना चालवावे लागे. त्यागाची किंमत कोण मोजतो, याचे एवढे प्रांजळ आणि विनोदी चित्रण मराठीत दुर्मीळ आहे.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी उपासनेला आणखी एक परिमाण दिले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन आणि 'सुबोध बायबल'चे लेखन करणारे हे धर्मगुरू हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात रस्त्यावरही उतरले. वसईचे पाणी, शेती व झाडे वाचवणे आणि गुंडगिरीपुढे न झुकणे हा धर्मगुरूचा विषय कसा, असे विचारणाऱ्यांना त्यांचे जीवन हेच उत्तर होते. ज्या विहिरीतून गाव पाणी पितो, ती आटत असताना वेदीपाशी केलेली प्रार्थना अपुरी राहते. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले.

लहान त्याग, रोजचा त्याग

अशी मोठी नावे पाहिली की सामान्य भाविकाला हे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटू शकते. ख्रिस्ती परंपरेने त्यासाठी वर्षातील एक काळच राखून ठेवला आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात प्रार्थना, उपवास आणि दान या तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. त्यांचा परस्परसंबंध अगदी साधा आहे. उपवासाने वाचलेला घास भुकेल्याकडे गेला पाहिजे. तो स्वतःच्याच डब्यात उरला, तर ती काटकसर झाली.

पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सेंट व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नावाने एक मंडळ काढले. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, या टोमण्याला त्याने दिलेले ते उत्तर होते. मंडळाच्या सदस्याने गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जायचे, असा त्याचा नियम. पैसे पाठवून देणे पुरेसे मानले गेले नाही. मुंबई परिसरातील चर्चमध्येही या मंडळाच्या शाखा काम करतात. दाराशी जाणे, बसणे, ऐकणे ही गोष्ट पैशाहून कठीण असते. उंबरठा ओलांडला की देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर कमी होते, आणि कधी कधी शिकायचे कोणी, हेही उलटून जाते.

मात्र त्यागाच्या नावाखाली दोन धोके दडलेले असतात. पहिला धोका अहंकाराचा. सर्वस्व गरिबांना वाटून दिले, अगदी देहही जाळला, तरी प्रीती नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, असे पौलाने करिंथकरांना स्पष्ट सांगितले होते. दुसरा धोका त्याग दुसऱ्यावर लादण्याचा. घरातील स्त्रीने, गड्याने, दुबळ्याने सोसावे आणि त्यालाच धर्म म्हणावे, ही शिकवण सोयीची असते. येशूने शिष्यांचे पाय स्वतः धुतले, कोणा दासाला हाक मारली नाही. वधस्तंभाकडे तो आपणहून गेला. आपण होऊन दिलेला त्याग आणि हिरावून घेतलेला वाटा यांतील फरक पुसला गेला, की बलिदानाची भाषा अन्यायाचे पांघरूण बनते. भारतातील काही ठिकाणी चर्चमध्ये आणि दफनभूमीतही जातीच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा करिंथची ती पंगतच पुन्हा मांडली गेली होती.

योहानाच्या पहिल्या पत्रातील युक्तिवाद या सर्व चर्चेचे सार सांगतो. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रेम करत नाही, तो न दिसणाऱ्या देवावर प्रेम करतो हे संभवत नाही. यात उपासनेचे महत्त्व कमी केलेले नाही. केडगावचा दिवस प्रार्थनेनेच सुरू होई. त्या बळाशिवाय दोन हजार जणींचा भार पेलणे रमाबाईंना अशक्य होते. प्रार्थना माणसाला उभे करते आणि शेजारी त्याला विचारतो, की उभा राहून तू कोणाकडे चाललास. मिस्साच्या शेवटी मिळणारी पाठवणी ही त्या प्रश्नाच्या दिशेनेच असते. रविवारी घेतलेल्या भाकरीचा वाटा सोमवारी कोणाच्या ताटात पडला, याचा हिशेब वेदीपाशी मागितला जातो, अशी ही श्रद्धा आहे.